भाजी करपेपर्यंत

दीपाची बोटं लहानपणापासून मागे वळायची. अंगठा मनगटाला टेकवून दाखव म्हटलं की महागावच्या शाळेत ती कुणालाही दाखवायची, आणि पोरं ओरडत पळायची. जेवताना तिच्या कानाजवळ कट् कट् असा आवाज यायचा. शेजारी बसलेल्यालाही तो ऐकू जायचा. आई विमलताई म्हणायची, "हळू चाव व माय, ढोरावानी काय आवाज करते." जास्त वेळ भाकर चावली की गाल दुखायचे, कधी कान भरल्यासारखा वाटायचा. पण हे दुखणं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही, तिलाही नाही.

चोविसाव्या वर्षी ती एसटीत कंडक्टर म्हणून लागली. डेपो दिग्रसचा. बारीक अंगाच्या या पोरीचा आवाज मात्र मोठा होता. मागच्या दारात उभी राहून तिनं "पुढं सरका वो" म्हटलं की पुढच्या सीटवरचा माणूससुद्धा उगाच सरकायचा. दिवसभर बोलून घरी आली तरी तिचं बोलणं संपायचं नाही.

दोन वर्षांनी तिचं लग्न दिग्रसच्याच गोपालशी झालं. गोपालचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या. आतली काळी पडलेली तार तो उकलून काढायचा आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा करून भरायचा. बोलायला तो फार संथ होता. त्यानं वाक्य सुरू केलं की दीपा ते पुरं करून टाकायची. तो हसायचा आणि म्हणायचा, "हव, हेच म्हणत होतो."

लग्नाला सहा महिने झाले होते. संध्याकाळी दोघं चहा पीत बसले होते आणि गोपाल एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. मोटार सुरू होत नाही म्हणून त्या माणसानं तिला आधी नारळ फोडला, मग लिंबू ओवाळलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की स्टार्टरची वायरच जोडलेली नाही. हे सगळं गोपालनं इतक्या सावकाश आणि गंभीर तोंडानं सांगितलं की दीपा खदखदा हसली. हसता हसता दोन्ही कानांपुढे काहीतरी सरकलं आणि तोंड उघडंच राहिलं.

ती बंद करायला गेली तर होईना. हनुवटी पुढे आली होती. बोलायला गेली तर घशातून नुसता आवाज. लाळ गळायला लागली. सासू म्हणाली, लकवा मारला. गोपालनं तिच्या तोंडावर ओढणी टाकली, मोटरसायकलवर बसवलं आणि बाजारातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर गझाला तिथल्याच. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांनी दीपाच्या कानांपुढे बोटं लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरू नको बेटा. लकवा नाही. जबडा निखळलाय." दोन्ही अंगठ्यांना गॉजची पट्टी गुंडाळून त्यांनी ते दीपाच्या खालच्या दाढांवर ठेवले, बाकीच्या बोटांनी हनुवटी धरली, आणि आधी खाली, मग मागे असा जबडा दाबला. खट् असा आवाज आला आणि तोंड मिटलं. दीपा रडायला लागली. गोपालही.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कानाच्या पुढे जबड्याच्या हाडाची एक गोटी असते. तोंड उघडलं की ती पुढे येते, मिटलं की आपल्या खाचेत परत जाते. पुढे एक उंचवटा असतो. "तुझे सांध्याचे बंध जन्मापासून सैल आहेत. बोटांचे आहेत तसेच इथले. गोटी जास्त पुढं जाते, उंचवटा ओलांडते आणि पलीकडं अटकून बसते. आजपर्यंत ओलांडून परत यायची, म्हणून कट् वाजायचं. आज आली नाही."

"पुन्हा होईन?" गोपालनं विचारलं.

"होईल. एकदा वाट पडली की वारंवार होतं." मोठा घास घ्यायचा नाही. ऊस, भुट्टा, कडक भाकर बंद. जांभई आली की जीभ टाळूला लावायची आणि हनुवटीखाली मूठ धरायची. एवढं सांगून त्यांनी गोपालचे हात पाहिले. "तुमचे हात कामाचे आहेत. शिकून घ्या. दर वेळी डॉक्टर सापडेलच असं नाही."

गोपाल शिकला. पुढच्या तीन वर्षांत त्यानं तिचा जबडा अकरा वेळा बसवला. एकदा शिंकताना निघाला, एकदा नातेवाइकाच्या लग्नात लाडू खाताना, एकदा झोपेतून उठताना. तो घाबरायचा नाही. खिशात कायम दोन स्वच्छ रुमाल असायचे, ते अंगठ्यांना गुंडाळायचा, तिला भिंतीला टेकून बसवायचा आणि म्हणायचा, "माह्याकडं पाह्य. हनुवटी ढिली सोड." जबडा मागे जाताना दात झटक्यानं मिटायचे आणि कधी कधी रुमालासकट त्याचे अंगठे चावले जायचे. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख एकदा काळं पडलं. दुकानात कुणी विचारलं तर म्हणायचा, हातोडी लागली.

दीपाला वाटायचं, आपल्या नवऱ्याइतका जवळचा नवरा कुणाला नसेल.

पण हळूहळू तो तिच्या तोंडाकडेच पाहू लागला. ती जांभई द्यायच्या आधीच त्याचा हात तिच्या हनुवटीखाली यायचा. ती हसायला लागली की तो म्हणायचा, "हळू." गोष्टी सांगणं त्यानं बंद केलं. चारचौघांत बोलत असली की लांबून खूण करायचा, पुरे. दीपा त्याच्यासमोर जांभई गिळायला शिकली. हसू आलं तर आतल्या खोलीत जायची. तो हे सगळं काळजीनं करतो हे तिला कळत होतं, म्हणून तिला काही बोलता येत नव्हतं.

मग दारव्ह्याचा दिवस आला. पहाटेची यवतमाळ गाडी होती, ड्रायव्हर पूनमसिंग. दारव्हा दोन किलोमीटर राहिलं असताना तिला जांभई आली आणि मूठ लावायच्या आत जबडा निघाला. गाडीत पन्नास माणसं. एक म्हातारी म्हणाली, बाहेरचं लागलं. दोन पोरांनी मोबाइल काढले. पूनमसिंगनं गाडी बाजूला घेतली, पोरांना दटावून मोबाइल खिशात घालायला लावले आणि गोपालला फोन केला. गोपाल दिग्रसहून मोटरसायकलवर आला. गाडीच्या मागे, सागाच्या झाडाला तिला टेकवून त्यानं जबडा बसवला. बसवल्यावरही त्या दिवशी त्यानं तिची हनुवटी लगेच सोडली नाही.

ती परत गाडीत चढली आणि उरलेली तिकिटं दिली.

पंधरा दिवसांनी तिला गाडीवरून काढून डेपोत पासच्या खिडकीवर बसवलं. तिला वाटलं, कुणा प्रवाशानं तक्रार केली असेल. रविवारी सकाळी बाजारात पूनमसिंग भेटला. तो म्हणाला, "दीपाबाई, तुमची गाडी काहून सोडली? तुमचे मालक सायबाले भेटून गेले म्हंते. बायकोले बिमारी हाय, गाडीवर धाडू नोका म्हणून अर्ज देल्ला त्यायनं."

दीपा घरी आली. सासू नातेवाइकांकडे गेली होती. गॅसवर वांग्याची भाजी शिजत ठेवून गोपाल दारात बसून पंख्याची मोटार साफ करत होता.

"तुमी डेपोत गेलते?"

त्यानं वर पाहिलं. "तुले सांगनारच होतो."

"कधी? मले न इचारता माही नोकरी बदलून आले तुमी? पन्नास लोकायपुढं तोंड वासून बसली म्हणून लाज वाटली का तुमाले? माह्या गाडीवर मी..."

ती ओरडत होती. इतक्या मोठ्यानं ती घरात कधीच बोलली नव्हती. शेवटच्या शब्दावर दोन्ही बाजूंनी गोटी सरकली.

ती भिंतीला टेकून खाली बसली. सवयीनं. गोपाल उठला, आला, खिशात हात घातला. रुमाल बाहेर काढला आणि हातातच धरून उभा राहिला.

"थांब," तो म्हणाला. "आता मले बोलू दे."

तो बोलला. दारव्ह्याच्या रस्त्यावर तो कसा गेला ते सांगितलं. एका ट्रकखाली येता येता वाचला होता. हे त्यानं तोपर्यंत सांगितलं नव्हतं. तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणाला. तीन वर्षांत माझी एक गोष्ट तू शेवटपर्यंत ऐकली नाहीस. दुकानात लोक विचारतात, बायको बस हाकते अन् तू काय करतोस. आईला नातू पाहिजे, मी तिला काय सांगू. तो संथपणे बोलत होता, एकेक शब्द निवडून. दीपाची लाळ हनुवटीवरून छातीवर ओघळत होती. कानांपुढे आग होत होती. तिनं हात उचलून जबड्याकडे खूण केली. त्यानं पाहिलं. आणि बोलत राहिला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा खूण केली. तीही त्यानं पाहिली.

"बंद नाही होत तेच बरं हाय," तो म्हणाला आणि किंचित हसला. "निदान बोलत तं नाहीस."

भाजी लागल्याचा वास आला. मग करपल्याचा. गोपालनं जाऊन गॅस बंद केला, कढई बाजूला ठेवली, परत आला आणि अंगठ्यांना रुमाल गुंडाळले. एका झटक्यात जबडा बसला. नेहमीसारखाच नीट.

दीपानं उठून करपलेली कढई घासली. रात्रीची भाकर तिनं दुधात कुस्करून खाल्ली. सकाळी डेपोत रजेचा अर्ज ठेवला आणि महागावला माहेरी निघून गेली.

माहेरी विमलताईनं विचारलं, "मारलं का जावयानं?"

"नाही."

"पेते का?"

"नाही."

"दुसरी बाई हाय?"

"नाही व आई."

मग दीपानं झालेलं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन बसवला ना शेवटी?" वडील बबनराव कापूस वेचायला बाया लावून नुकतेच घरी आले होते. त्यांनी पाय धुता धुता विचारलं, "दहा मिनटं उशीर झाला म्हणून घर सोडते का कोनी, बाई?" ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. दीपानं पुन्हा पहिल्यापासून सांगून पाहिलं. सांगायला लागली की गोष्ट एवढीशी व्हायची, आणि तिच्या आत ती तेवढीशी नव्हती.

गोपालचे फोन यायचे. ती उचलायची नाही. रोज संध्याकाळी मात्र मोबाइल हातात घेऊन बसायची आणि त्याचं नाव दिसलं की ते बंद होईपर्यंत पाहत राहायची.

दीड महिन्यानं सकाळी अंगणात जांभई देताना जबडा निघाला. विमलताई घाबरून गेली. तिनं अंगठ्यांना पदर गुंडाळून प्रयत्न केला, पण जिथं दाबायचं तिथं दाबायला ती भीत होती. "गोपालरावले बोलावतो," ती म्हणाली. दीपानं जोरजोरानं मान हलवली. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांनी तिला पुसदच्या दवाखान्यात नेलं. जाताना विमलताईनं हळूच गोपालला फोन लावला.

पुसदला दातांचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते. दीपा बाकावर बसली होती, तोंडाला टॉवेल लावून. जबडा निघून दोन तास होत आले होते. जितका वेळ जातो तितके स्नायू आवळत जातात आणि बसवणं अवघड होतं, हे तिला माहीत होतं. तेवढ्यात दारातून गोपाल आत आला. केसांत धूळ, हातांना ग्रीस. त्यानं नळावर हात धुतले, पुसले, आणि येता येताच रुमाल गुंडाळायला लागला.

"सरक थोडी," तो म्हणाला. "माह्याकडं पाह्य."

दीपानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"दीपा, दुखून राह्यलं असन. बसवतो, मंग जातो मी."

तिनं डोकं भिंतीला टेकवलं आणि तसंच ठेवलं. विमलताई तिचा खांदा हलवत होती, "अवं, ऐक ना." बाकावरचे पेशंट पाहत होते. गोपाल बराच वेळ तिथंच उभा होता, दोन्ही अंगठ्यांना रुमाल गुंडाळून. मग आतून डॉक्टरांनी हाक मारली. जबडा इतका आवळला होता की सुई द्यावी लागली. दीपा आत ओरडली ते बाहेर ऐकू आलं.

ती बाहेर आली तेव्हा डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधलेली होती. गोपाल आवारातल्या कडुनिंबाखाली बसला होता. ती त्याच्यापाशी जाऊन बसली. दात न उघडता, हळू बोलता येत होतं.

"माह्यं चुकलं," तो म्हणाला.

"मले एकच सांगा. तुमी रागात होते का तवा?"

"मी तवा..." त्यानं सुरू केलं. या वेळी तिनं त्याचं वाक्य पुरं केलं नाही. वाट पाहिली.

"नाही," तो म्हणाला. "राग तं पहिल्या मिनटातच गेलता. खरं सांगू का? मले बरं वाटून राह्यलं होतं. तू ऐकून राह्यली होती. मनात म्हटलं, अजून थोडं. अजून थोडंच." त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं. "मले माहीत नव्हतं मी असा हाय म्हणून."

दीपाला खोटं ऐकायचं होतं. राग आलता, भान नव्हतं, असं काहीही. तो खरं बोलला होता, आणि खरं बोलणारा होता म्हणूनच तिनं त्याच्यावर जीव लावला होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडत होता, आणि तिला रडायला तोंड उघडता येत नव्हतं.

"घरी चाल," तो म्हणाला. "पुन्हा असं नाही होनार."

"मले माहीत हाय, नाही होनार." ती थांबून थांबून बोलत होती. "पन माह्यं तोंड उघडं पडलं की मी तुमच्या हाताकडं पाहीन. दर वेळी. रुमाल गुंडाळता का नुसता धरता ते पाहीन. तुमालेही कळन मी काय पाहून राह्यली ते. असं किती दिवस राहाचं आपन?"

 तो उठला, शेजाऱ्याच्या जीपपर्यंत तिच्यासोबत आला, आणि तिच्या बाजूचं दार नीट लागलंय का ते ओढून पाहिलं.

पुढचं सगळं सावकाश झालं. डॉक्टर गझालांनी यवतमाळच्या एका जबड्याच्या सर्जनला चिठ्ठी दिली. तिथं दीपाच्या दंडातून रक्त काढून तेच दोन्ही सांध्यांत सुईनं भरलं. त्या रक्ताचा आत व्रण तयार होतो आणि सैल बंध आवळतात, असं त्यांनी सांगितलं. दोन आठवडे तोंड बांधून ठेवलं होतं. विमलताई सोबत राहिली, कढण आणि पातळ खिचडी भरवत. लेकीचं घर का मोडलं हे तिला कधीच पटलं नाही, पण दवाखान्यातल्या बायकांनी विचारलं की ती म्हणायची, "जबड्याचा त्रास हाय तिले," आणि विषय तिथंच संपवायची.

सहमतीनं घटस्फोटाच्या कागदांवर दोघांनी सह्या केल्या तेव्हा गोपालनं पेन आधी तिच्याकडे दिलं. दीपानं बदली यवतमाळला करून घेतली, शहराला लागूनच लोहाऱ्यात एक खोली घेतली, आणि डॉक्टरांचा दाखला जोडून पुन्हा गाडीवर रुजू झाली. दिग्रसची फेरी नको, एवढंच तिनं मागितलं.

सहा महिन्यांनी तपासणी होती. सर्जननं मोजपट्टी लावून तोंड किती उघडतं ते पाहिलं. पूर्वीपेक्षा कमी, पण पुरेसं. "आता हात न लावता जांभई द्या," ते म्हणाले. दीपा घाबरली. मूठ आपोआप वर आली, ती तिनं मांडीखाली दाबून धरली. जांभई दिली. तोंड उघडलं, एका जागी अडलं आणि मिटलं. कट् असा आवाजसुद्धा आला नाही.

"झालं," सर्जन म्हणाले. "जा, घरी सांगा."

ती बाहेर ओट्यावर येऊन बसली. मोबाइल काढला. आईला लावायचा होता, पण बोट गोपालच्या नावावर गेलं, आणि तिनं ते जाऊ दिलं.

त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. "दीपा?"

"बसला," ती म्हणाली. "आता नाही निघत. सायबानं जांभई द्यायले लावली. हात नाही लावला म्या."

तिकडून वाइंडिंग मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. त्यानं मशीन बंद केलं असावं.

"पुरी जांभई?"

"पुरी."

"लय बरं झालं," तो म्हणाला.  तिनं ऐकत राहायचं ठरवलं होतं. "दुखलं का?"

"नाही."

"जेवली का?"

"नाही अजून. दोनची गाडी हाय माही, उमरखेडची."

"मंग खाऊन घे काही. पोळी खाता येते आता?"

"येते."

दुकानात कुणीतरी आलं होतं. मोटार कधी मिळणार म्हणून विचारत होतं. गोपालनं त्याला उत्तर दिलं नाही. दीपाला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याला तिचा ऐकू जात असणार. दोनची गाडी धरायची होती म्हणून शेवटी फोन तिनंच ठेवला. स्टँडवर जाऊन तिनं दोन पोळ्या आणि भाजी घेतली. घास लहान लहान करायची सवय सुटली नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत पुसत तिनं सगळं संपवलं, तिकिटांचं मशीन गळ्यात घातलं आणि गाडीकडे गेली.